एक मुक्काम मागून

मेंढीचं खूर कानशीनं घासलं की जी पूड पडते, तिला एक वास असतो. जळलेल्या केसांसारखा. माझी नोकरी त्या वासापासून सुरू झाली.

मी सातवी पास. आठवीला बसलेच नाही. आमचा कळप दिवाळी झाली की गाव सोडायचा आणि घर मेंढरांमागं चालायचं. सुट्टी संपून शाळा भरायची तेव्हा मी कुणाच्या तरी काढलेल्या सोयाबीनच्या रानात कोकरं राखत असायची. मास्तर दरवर्षी बाला समजावायचे, बा दरवर्षी हो म्हणायचा, आणि दरवर्षी आम्ही निघायचो. शेवटी मास्तरच थकले.

पुढं लग्न झालं. नवरा दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात, जनावरांच्या रोगांवर काम चालतं अशा एका ठिकाणी वॉचमन होता. मी त्याच्यामागं आले. इथली भाषा मला तेव्हा अजिबात येत नव्हती, अजूनही अर्धीच येते. भाजीवाली काही बोलली की मी आधी मान डोलवते आणि मग घाबरते की कशाला होकार दिला.

एक दिवस तिथल्या मॅडमनी गेटवर नवऱ्याला विचारलं, खुरं घासायला कुणी मिळेल का? कत्तलखान्यातून पोतंभर खुरं आली होती. ती धुऊन, वाळवून, घासून पिठासारखी बारीक पूड करायची होती. दोन माणसं लावली होती, दोन्ही वासानं पळाली. नवरा म्हणाला, "माझी बायको मेंढरातली आहे."

तेवढी माझी लायकी, आणि ती पुरली. खुराची पूड कशाला लागते हे मला महिन्याभरानं कळलं. मेंढीच्या पायात एक जंतू होतो, खूर सडवणारा. त्याला बाहेर वाढवायचं तर त्याला त्याचं खाणं द्यावं लागतं, आणि त्याचं खाणं म्हणजे खूर. ती पूड घालून काचेच्या ताटल्यांमध्ये एक घट्ट थर ओततात, वर जंतू पसरतात, आणि ताटल्या हवा काढून घेतलेल्या बरणीत ठेवतात. त्याला हवा सोसत नाही. पूड करता करता मी ताटल्या धुवायला लागले, मग ओतायला लागले, मग चिठ्ठ्या लिहायला लागले. माझं अक्षर मोठं आहे, शाळेतल्या पोरीसारखं. मॅडम म्हणतात, बरं आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं.

मॅडमशी मी हिंदीत बोलते. त्यांचीही हिंदी मोडकी आणि माझीही, म्हणून आमचं जमतं. इथं त्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

त्यांचं काम काय होतं, ते मला जसं कळलं तसं सांगते. या जंतूंमध्ये दोन भाऊ आहेत. दिसायला सारखे, काचेखाली बघितलं तरी ओळखू येत नाहीत. एक खूर सडवतो, कातड्यापासून सुटं करतो, मेंढी गुडघ्यावर चरायला लागते. दुसरा बोटांच्या बेचक्यात नुसता लालसरपणा आणतो आणि जमीन वाळली की गप पडतो. दोघंही प्रोटीन तोडणारं काहीतरी अंगाबाहेर सोडतात. मॅडम त्याला एन्झाइम म्हणायच्या. मला कळेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही लोकर कशानं काढता?"

"कातरीनं."

"मग समज, दोघांकडं कातर आहे. खूर, कातडं, हे सगळं प्रोटीनच. ते कातरून हे खातात. आता मला बघायचंय की कुणाची कातर कशी आहे."

ते बघायची रीत मला फार आवडली, कारण ती मला न शिकवता समजली. जंतू पातळ खाण्यात वाढवायचे, मग ते गाळून टाकायचे, आणि त्यांनी सोडलेली कातर असलेलं पाणी घ्यायचं. जिलेटीनच्या थिजलेल्या थरावर त्याचा थेंब ठेवायचा. जिलेटीन म्हणजे पायाच्या रश्श्यावर रात्रभरानं जो थर थिजतो तेच. दोघांच्याही थेंबाखाली तो थर विरघळतो. मग तेच पाणी घड्याळ लावून गरम करायचं आणि पुन्हा थेंब ठेवायचा. निरुपद्रवी भावाची कातर तापली की बोथट होते, थर तसाच राहतो. वाईट भावाची कातर तापूनही धारदार, थराला भोक पाडते. जास्त ऊन दुधात विरजण टाकलं की मरतं, तशातला प्रकार. एकाचं मरतं, एकाचं मरत नाही.

"फरक किती आहे माहीत आहे?" मॅडम एकदा म्हणाल्या. "ही कातर म्हणजे मण्यांची माळ धर. शेकडो मणी. दोन्ही माळा ठेवल्या समोरासमोर, तर एक मणी वेगळा."

मी गळ्यातली काळी पोत चाचपून बघितली. एका मण्यासाठी एवढं?

हे सगळं मी ऐकायची, ताटल्या धुवायची, आणि मला वाटायचं हे काचेतलं काम आहे. मग मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मायचा फोन आला.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला. पाणी ओसरलं की काठाला लुसलुशीत गवत उगवतं आणि मेंढरं तिकडंच ओढतात. त्या वर्षी पाऊस उघडला नाही. मेंढरं महिनाभर चिखलात उभी.

"चौदा लंगडून राहिली," माय म्हणाली. "काळतोंडी तर पायच टेकवत न्हाई."

काळतोंडी म्हणजे मायनं बाटलीवर वाढवलेली मेंढी. तिची आई बाळंत होताना मेली होती. ती अजूनही मायच्या पदराला तोंड लावते, आता तिला स्वतःची कोकरं झाली तरी.

"डॉक्टरला दाखवलं का?"

"सरकारी डाक्टर आला व्हता. चांगला माणूस हाय. खुरं कापली, सुया दिल्या, म्हणला कोरड्यात ठेवा आन् मोरचुदाच्या पाण्यातून पाय काढा. पण तुझा चुलता…"

चुलत्याचं सांगायलाच हवं. बा गेल्यापासून थोरला चुलता चार घरांच्या कळपांचा म्होरक्या. कुठल्या गावाला कधी निघायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याकडून धान्य किती घ्यायचं, सगळं तो ठरवतो. आणि माय त्याच्याशी बोलत नाही. भांडण नाही, थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत आहे. तीस-बत्तीस वर्षं झाली, दोघं एकाच रानात उतरतात, एकाच पिंपातलं पाणी पितात, आणि मायला काही सांगायचं असलं की ती कुत्र्याला सांगते. "काय रे मोत्या, उद्या पहाटेच निघायचं म्हणत्येत का काही?" चुलता तंबाखू मळता मळता आभाळाला उत्तर देतो.

तर चुलत्यानं आभाळाला सांगितलं होतं, की हा सडायचा रोग दिसतो. असला कळप आपल्यात नको. दिवाळीआधी जवळा बाजारला न्यावा आणि विकून टाकावा, नाहीतर घरी बसावं.

"एकटा कळप घिऊन कुटं जाता येतं का पोरी?" माय म्हणाली. "आन् इकून मी काय करू? उंबऱ्यात बसून माशा मारू?"

एकट्यानं खरंच जाता येत नाही. रानात चार घरं लागतात, राखणीला, स्वयंपाकाला, कुणी आजारी पडलं तर. माझी माय साठीला आली आहे आणि माझा धाकटा भाऊ एकटाच तिच्याबरोबर. चुलत्यानं सोडलं म्हणजे मेंढरं सुटली. आणि मेंढरं सुटली तर मायचं काय उरतं, हे मला माझ्या हातातल्या ताटलीइतकं स्वच्छ दिसत होतं.

मी दोन दिवस घाबरत घाबरत मॅडमच्या मागं-पुढं केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "काही फोडलंस का?"

"न्हाई, मॅडम." घाबरले की मी मराठीतच बोलते. मग हिंदीत सगळं सांगितलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट कपाटातून नमुन्याच्या नळ्या काढल्या. तुमच्या भागातले नमुने मला हवेच आहेत, म्हणाल्या. नळीत पाणी असतं, जंतूला प्रवासात जिवंत ठेवणारं. काडीचा कापूस खुराच्या बेचक्यात फिरवायचा, नळीत टाकायचा, झाकण घट्ट. वाईट भाऊ असेल तर चुलता बरोबर आहे. निरुपद्रवी असेल तर दोन आठवडे कोरडी जमीन पुरेल.

नळ्या मायकडं गावी पोचल्या. मी भावाला फोनवर तीनदा समजावलं, मग चौथ्यांदा. "आक्का, आता मला झोपंत बी काडीच दिसंल," तो म्हणाला. त्यानं आठ मेंढरांचे नमुने घेतले, मोटारसायकलवर आखाडा बाळापूरला आला आणि आमच्या शहराकडं येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं डबा दिला. सकाळी मी स्टँडवर उभीच होते. डबा हातात आला तेव्हा तो मी पोटाशी धरला, कोकरू धरतात तसा.

कापूस पिवळा होता. मला वाटलं, पू आहे.

मॅडमनी माझ्यासमोर ताटल्यांवर पसरलं. बरणी बंद झाली. ताटल्या मी ओतलेल्या, पूड मी घासलेली. चार-पाच दिवस मी बरणीकडं येता-जाता बघायची. बरणी उघडली तेव्हा आठही ताटल्या स्वच्छ होत्या. जंतूचा एक ठिपका नाही.

मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. मला धीर कुठला? मी जिन्यात जाऊन मायला फोन लावला.

"माय, काही निघालं न्हाई! एक बी ताटलीत काही न्हाई!"

माय रडायला लागली, मग मोत्याला ओरडून सांगायला लागली. मोत्या भुंकला. मागून चुलत्याचा आवाज आला, "मोठ्या दवाखान्यात तपासलं म्हनं. मग ठीक हाय. परवा एका रानात उतरू."

मॅडम परत आल्या. मी हसत होते. त्यांनी ताटल्या बघितल्या आणि त्या काही हसल्या नाहीत.

"हे चांगलं नाही," त्या म्हणाल्या. "लंगड्या मेंढीच्या पायातून काहीच उगवत नाही असं होत नाही. निदान निरुपद्रवी तरी यायला हवा. काही न उगवणं म्हणजे रोग नाही असं नाही. म्हणजे नमुनाच मेलेला आला."

मग त्यांनी उरलेली एक काडी हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडं केली. "हे काय आहे?"

मी वास घेतला. हळद. हळद, त्यात गोडंतेल, आणि खाली कडुलिंब.

मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं बाहेरच्या माणसाला जनावर दाखवायचं तर ते धुतल्याशिवाय दाखवत नाहीत. गिऱ्हाईक असो, डॉक्टर असो, सोयरा असो. आणि हे तर लेकीच्या मॅडमकडं जाणार होतं. मायनं आठ मेंढरांचे पाय कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं धुतले असणार, पुसले असणार, वर हळद-तेल लावलं असणार, आणि मग भावाला म्हणाली असणार, आता घे. मी चार वेळा समजावलं होतं की काडी कशी फिरवायची. पाय धुऊ नका, हे एकदाही सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हे मला सुचलं नाही, कारण मी असते तर मीही धुतले असते.

आणि मी त्यांना सांगून बसले होते की काही नाही.

तो फोन करायला मला जिना पुरला नाही, मी गेटच्या बाहेर रस्त्यावर गेले. "माय, कळप एकत्र करू नका. मी चुकीचं सांगितलं."

पलीकडं काय झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण चुलत्यानं फोन हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी फोनवर बोलला.

"काहून गं? मघाशी न्हाई म्हणली, आता हाय म्हणती. तिथं मेंढरं तपासतेत का चिठ्ठ्या काढतेत?"

"तात्या, चूक माझी हाय. मी येते. मी स्वतः घेते नमुने. आठ दिवस थांबा."

"आठ दिवसानं दिवाळी हाय."

"तवर थांबा, तात्या. पाया पडते."

फोन मायकडं गेला. मी विचारलं, "पाय धुतले व्हते का?"

"मंग? घाण पाय धाडू का?" माय म्हणाली. "तुजी मॅडम काय म्हणली असती, लेकीची माय कशी हाय?"

मॅडमनी मला रजा दिली, थर्मासचा डबा दिला, नव्या नळ्या दिल्या. तिकिटाचे पैसे देऊ लागल्या, मी नको म्हणाले, तर त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिले. या बाईची मी कोण लागते? त्यांच्या ताटल्या धुते. पण बसमध्ये बसल्यावर मी त्यांचाच विचार करत होते आणि घाबरत होते, की डबा सांडला तर त्यांना काय तोंड दाखवू.

गावात पोचले तेव्हा माय मेंढरं घेऊन काठापासून लांब, खडकाच्या उंचवट्यावर बसली होती. डॉक्टरनं सांगितलं तसं. शेजारी भावानं उथळ खड्डा करून त्यात प्लास्टिक अंथरलं होतं आणि मोरचुदाचं निळं पाणी भरलं होतं. चुलत्याचा कळप ओढ्याच्या पलीकडं. चुलता स्वतः मात्र अलीकडं दगडावर बसला होता, पाठ आमच्याकडं करून. तमाशा बघायला, माय म्हणाली. मोत्याला म्हणाली.

मी काळतोंडीला आडवी पाडली. माय लगेच तांब्या घेऊन आली.

"न्हाई, माय. पाणी न्हाई."

"निदान पदरानं पुसू दे."

"काहीच न्हाई."

"तशी घाण? त्या काचंत?"

"त्या काचंत घाणच लागती. ती बाई घाण बघायला बसली हाय तिथं."

मायला हे पटेना. ती उभ्या उभ्या लाजत होती, जणू मी तिचंच न धुतलेलं लुगडं बाजारात नेऊन वाळत घालणार होते. मी खूर धरलं. चिखल निळा-काळा झाला होता, आणि खुराच्या कडेखाली, जिथं कातडं सुटतं तिथून, तो वास आला. मी तो वास लहानपणापासून ओळखते. काडी फिरवली, नळीत टाकली, झाकण लावलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा मागून चुलता आभाळाला म्हणाला, "लागलं म्हणावं झाकण. हितून दिसून राहिलं."

भाऊ फस्सकन हसला. मायनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते.

मागच्याच आठ मेंढरांच्या आठ नळ्या भरल्या, आकडेही भावानं तेव्हा टाकले होते तेच ठेवले. त्यातली एक भावानं श्रावणात बाजारातून आणलेल्या मेंढीची. ती काळतोंडीच्या शेजारी बांधलेली असायची. रोग हिनंच तर आणला नसेल, असं माझ्या मनात तेव्हाच आलं, पण मी बोलले नाही. एकदा बोलून बसले होते.

निघताना मायनं माझ्या हातात ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, आणि एक पिशवी वेगळी. "ही मॅडमला. सांग, हात धुऊन केलंय." आत लोकरीचं आसन होतं. हळदीचा वास त्यालाही होता.

पुढच्या वेळी बरणी उघडली तेव्हा आठही ताटल्यांवर उगवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना मिठीच मारणार होते. जंतू उगवला म्हणून आनंद होणारी मी पहिलीच मेंढपाळीण असेन. या वेळी मी जिन्याकडं गेले नाही. फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि ताटल्या धुतल्या. आठवा दिवस आला आणि गेला. भावाला एवढंच कळवलं की उगवलंय, अजून तपासायचंय. त्याचा निरोप आला, तात्या अजून निघाला नाही, गाडीचं चाक दुरुस्त करून राहिला. त्या चाकाला काही झालेलं नव्हतं, असंही त्यानं लिहिलं होतं.

ज्या दिवशी गरम करायचं होतं, त्या दिवशी मॅडमनी मला शेजारी उभं केलं. जंतू गाळून घेतलेल्या पाण्याच्या आठ नळ्या गरम पाण्यात. घड्याळ माझ्या हातात. मी वेळ सांगितली, त्यांनी नळ्या काढल्या, जिलेटीनवर थेंब ठेवले. वरच्या ओळीत न तापवलेले, खालच्या ओळीत तापवलेले. मग वाट बघायची.

संध्याकाळी मॅडमनी ताटली उजेडाकडं धरली. वरच्या ओळीत आठ भोकं, सगळ्यांची कातर चालली होती. खालच्या ओळीत पहिला थर जसाच्या तसा. दुसरा तसाच. मी चिठ्ठ्या वाचत होते, माझ्याच मोठ्या अक्षरातल्या. तिसऱ्याला भोक. चौथा, पाचवा, सहावा तसेच. सातव्याला भोक. आठवा तसाच.

तिसरी बाजारातून आणलेली मेंढी. सातवी काळतोंडी.

मॅडमनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. नंतर त्यांनी सगळं सांगितलं, मी कागदावर लिहून घेतलं. सहांमध्ये निरुपद्रवी भाऊ आहे, त्यांचे पाय कोरड्यात बरे होतील. दोघींमध्ये वाईट आहे, आणि बाकीच्यांना अजून लागला नसेलच असं नाही. महिना-दीड महिना तरी हा कळप दुसऱ्यात मिसळायचा नाही. पाय रोज बघायचे, निळं पाणी चालू ठेवायचं, मग पुन्हा नमुने. आणि एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, जाता जाता. हा जंतू पायाबाहेर फार टिकत नाही. मोकळ्या जमिनीवर आठवड्या-दोन आठवड्यांत मरतो. त्याला राहायला खूर लागतं.

तो फोन मी घरून केला, भिंतीला टेकून. मायला म्हणाले, फोन मोठ्या आवाजावर कर, आणि तात्या असतील तर त्यांनाही ऐकू दे. मग सगळं वाचलं, कागदावर लिहिलं होतं तसं. दोघींचंही सांगितलं, काही गाळलं नाही.

पलीकडं चुलता खाकरला.

"म्हंजी खरंच हाय," चुलता म्हणाला. त्याच्या आवाजात मी जिंकलो असं काही नव्हतं. "दोन्ही इकून टाका. मंग बघू."

माय मोत्याला म्हणाली, "बाजारात इकली तर दुसऱ्याच्या कळपात जाईल. तेच्या बी मेंढरांचे पाय सडतील. असलं पाप कोन करंल रे? बाजारची मेंढी खाटकाला दिऊ, तिथून कुटं चालत जानार न्हाई ती. काळतोंडी मी देनार न्हाई. मी निळ्या पाण्यात उभी राहीन तिला घिऊन."

"मंग बसा घरी," चुलता आभाळाला म्हणाला. पण हळू.

मायनं मला विचारलं, "पोरी, ते जमिनीवर किती दिस जगतं म्हणली?"

"आठवडा, दोन आठवडे. मग मरतं."

"आन् जमिनीवरून पाठीमागं धावत येतं का पुढं?"

"मंजे?"

"मंजे आमी मागं चाललो, तर पुढच्याला लागंल का?"

माझ्या डोक्यात ताटल्या होत्या, नळ्या होत्या, मणी होता. वाट नव्हती. मॅडमच्याही डोक्यात वाट नव्हती, त्या कधी मेंढरांमागं चालल्या नाहीत. पुढचा कळप जिथं पाय ठेवील तिथं आमची मेंढरं अजून आलेलीच नसतील. आणि आम्ही जाऊ तेव्हा तो पुढं गेलेला असेल.

"न्हाई, माय," मी म्हणाले. "मागून लागत न्हाई. फक्त माघारी येताना त्याच वाटेनं यायचं न्हाई."

"ऐकलं का रे मोत्या? आमी एक मुक्काम मागून येतो. मेंढरात मेंढरू मिसळनार न्हाई. पाणी येगळं, बसायचं रान येगळं. हाकेच्या अंतरावर न्हाई, पण एका दिसाच्या अंतरावर मानूस तर हाय. येवढं तर चालंल का?"

चुलत्यानं तंबाखू मळल्याचा आवाज मला फोनवर आला, खरंच आला, टाळी दिल्यासारखा. मग तो म्हणाला, "माघारी येताना औंढ्याच्या वरून येऊ. ती वाट लांब हाय. पण कोरडी हाय."

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी चुलत्याचे तीन कळप निघाले. पाचव्या दिवशी माय निघाली. भाऊ रोज संध्याकाळी पायांचे फोटो पाठवतो, मी ते मॅडमना दाखवते. काळतोंडी आता चारही पायांवर चरते. नवं खूर येताना आधी मऊ आणि पांढरं असतं, मॅडमनी तो फोटो मोठा करून भिंतीला लावला आहे. लोकरीचं आसन त्यांच्या खुर्चीवर आहे.

परवा पुन्हा घेतलेल्या नमुन्यांचा डबा आला. काड्या काळ्या, घाण, वास मारणाऱ्या. पाय धुतलेले नाहीत हे मी दारातच ओळखलं आणि मला हसू आलं. अजून बरणी बंद आहे, आतलं काय निघेल माहीत नाही, आणि काही निघेपर्यंत मी कुणाला काही सांगणार नाही.

काल मायला फोन लावला. ती पोचली होती त्या रानात, जिथून चुलता सकाळी उठून गेला होता.

"तीन दगडाची चूल तशीच ठिवून गेला," ती म्हणाली. "रोज ठिवतो. जळणाच्या काड्या बी ठिवतो, पाल्याखाली झाकून."

"बरं की मग, माय."

"बरं काय? त्याला सांग तुझ्या फोनवरून," माय म्हणाली, आणि तिच्या मागं काड्या तडतडत होत्या, "बाभळीच्या ठिवत जा म्हणावं. ह्या कडूलिंबाच्या लई धूर करून राहिल्यात."